पहिल्यांदाच बोर्ड गेम कन्व्हेन्शनला जाताना

सारीपाट

घरी आमचा चार जणींचा ठरलेला गट आहे. कटान, अझुल, विंगस्पॅन इथवर आमची मजल गेली आहे आणि या खेळांचा मला मनापासून लळा आहे. आता एका मोठ्या, चार दिवसांच्या कन्व्हेन्शनला, म्हणजे बोर्ड गेमवाल्यांच्या मेळाव्याला, जायचं ठरवते आहे. घरच्या भिडूंपैकी कुणालाच जमणार नाही, त्यामुळे एकटीच जाईन.

कार्यक्रमांची यादी उघडली आणि डोळेच फिरले. शेकडो खेळ, त्यातले बहुतेक मी ऐकलेलेही नाहीत. मला नियम समजायला जरा वेळ लागतो, एकदा समजले की मग मी बरी खेळते. अनोळखी टेबलावर हे चालतं का? आधीच सगळं आरक्षित करून ठेवावं की तिथे जाऊन बघावं? खरेदीचं काय करता? आणि मुख्य म्हणजे एकटीने गेलं तर दिवसभर नुसतं बघत फिरावं लागेल का? जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा.

फासेपारध

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या: तुम्ही जत्रेला चालला आहात की मैफलीला? दोन्हीला लोक कन्व्हेन्शनच म्हणतात, पण तयारी अगदी वेगळी लागते.

जर्मनीतलं एसेनचं 'श्पील' ही जत्रा. १९८३ पासून भरते, ऑक्टोबरात, गुरुवार ते रविवार, आणि चार दिवसांत दोन लाखांच्या आसपास लोक येतात. तिथे प्रकाशकांचे स्टॉल आणि डेमोची टेबलं असतात. तुम्ही नवे खेळ चाखता, विकत घेता आणि पुढे सरकता. संध्याकाळी हॉल बंद झाले की लोक आपापल्या हॉटेलात पिशव्या उघडून बसतात, खरा निवांत डाव तिथे पडतो.

उलट डॅलसचं बीजीजी कॉन घ्या. २००५ मध्ये बोर्डगेमगीक या संकेतस्थळाच्या मंडळींनी सुरू केलं. तिथे केंद्रस्थानी खेळांची प्रचंड लायब्ररी आणि मोकळी टेबलं. खेळ काढा, बसा, खेळा, परत करा.

अमेरिकेतलंच जेन कॉन तिसऱ्या प्रकारचं आहे. १९६८ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावात सुरू झालं, २००३ पासून इंडियानापोलिसला असतं. तिथे प्रवेशाचा बॅज वेगळा आणि बहुतेक कार्यक्रमांचं तिकीट वेगळं. बर्मिंगहॅमच्या यूके गेम्स एक्स्पोमध्ये स्टॉल, लायब्ररी, स्पर्धा असं सगळंच मिळतं.

तुमचं यातलं कुठल्या जातीचं आहे ते सांगितलंत तर नेमकं सांगता येईल.

अनुस्वार

वाचनखूण साठवली. मलाही पुढच्या वर्षी जायचं आहे.

सारीपाट

फासेपारध, धन्यवाद! हा फरक मला माहीतच नव्हता. माझ्या कन्व्हेन्शनला स्टॉलचा एक हॉल आहे, लायब्ररी आहे, आणि काही कार्यक्रमांना नाव नोंदवावं लागतं. म्हणजे मिश्रच दिसतंय.

कवडीचुंबक

लायब्ररी आहे म्हणजे उत्तमच. तिथली पद्धत साधारण अशी: बॅज स्कॅन करतात किंवा ओळखपत्र ठेवून घेतात आणि एका वेळी एकच खेळ देतात. डाव संपला की सुट्या भागांची मोजदाद करून, पिशव्यांत नीट भरून परत करायचा. हे शेवटचं काम सगळ्यांनी मिळून करायचं असतं. जिंकलेला उठून गेला आणि हरलेले आवरत बसले, असं होऊ देऊ नका.

टेबलांवर झेंडे किंवा उभ्या पाट्या ठेवलेल्या दिसतील. एका रंगाचा अर्थ 'भिडू हवेत', दुसऱ्याचा 'नियम शिकवणारं कुणी हवं'. ठिकाणानुसार रंग बदलतात, दारातच विचारून घ्या. ही पाटी एकट्या माणसासाठीच आहे. टेबलाशी गेलात आणि "जागा आहे का?" एवढं विचारलंत तरी पुरतं. पाटी लावून बसलेल्यांना तुम्ही हव्याच असता.

काही ठिकाणी 'खेळा आणि जिंका' नावाचा वेगळा कप्पा असतो. तिथला खेळ पूर्ण खेळलात की तुमचं नाव चिठ्ठीत जातं आणि शेवटच्या दिवशी सोडत निघते. तिथे जरूर बसा. चिठ्ठी लागो न लागो, त्या टेबलांवर सगळेच जण तो खेळ नव्याने शिकत असतात, त्यामुळे तुमच्या वेगाची कुणाला अडचण होत नाही.

दोन_डाव_भुताचे

आधी काहीही आरक्षित करू नका. खरंच. कन्व्हेन्शनची सगळी गंमत अनपेक्षित टेबलात आहे. कुणीतरी हाक मारतं, "एक भिडू कमी आहे, येता का?" आणि तुम्ही नाव न ऐकलेला खेळ खेळता. तासातासाला कार्यक्रम लावून ठेवलेत तर त्या हाकेला "नाही, मला पलीकडच्या हॉलमध्ये जायचंय" असं म्हणावं लागतं. मला सगळ्यात आवडलेले खेळ मला असेच भेटले आहेत.

घड्याळजी

दोन_डाव, लायब्ररीवाल्या ठिकाणी तुमचं पटेल. पण जेन कॉनसारख्या ठिकाणी हा सल्ला घातक ठरेल. तिथे लोक आधीच आवडीच्या कार्यक्रमांची यादी भरून देतात, सगळ्यांच्या याद्या यादृच्छिक क्रमाने लावल्या जातात आणि गाजलेले कार्यक्रम तिथेच भरून जातात. (अर्थात तिथेही सर्वसाधारण तिकीट घेऊन ऐनवेळी रिकाम्या खुर्चीवर बसता येतं. कुणी ना कुणी येत नाहीच.)

माझं मत: दिवसाला एक कार्यक्रम पक्का, तोही सकाळचा. बाकी दिवस मोकळा. सकाळच्या टेबलावर जे तीन-चार लोक भेटतात, त्यांच्यातलंच कुणीतरी दुपारी "चला, अजून एक टाकू" म्हणतं.

आणि खोक्यावरच्या वेळेवर विसंबू नका. टेराफॉर्मिंग मार्स या खेळाच्या खोक्यावर १२० मिनिटं लिहिलेली असतात. पाच भिडू आणि त्यातले दोघं नवे असले की तीन तास धरा. ट्वायलाइट इम्पेरियमवर तर ४ ते ८ तास छापलेलेच आहेत. तो खेळ सुंदर आहे, पण पहिल्याच कन्व्हेन्शनचा एक अख्खा दिवस त्याला द्यायचा की नाही हे आधी ठरवा.

पटवर्धिनी

नियम समजायला वेळ लागण्याबद्दल लिहिते, कारण डेमोच्या टेबलावर शिकवायचं काम मी स्वयंसेवक म्हणून करते.

सारीपाट, तुम्ही बसताक्षणीच "मी पहिल्यांदा खेळते आहे आणि मला उदाहरण देऊन सांगितलं की लवकर कळतं" असं म्हणा. शिकवणाऱ्याला याहून उपयोगी वाक्य नाही. आम्हाला समोरच्याचा अंदाज नसतो. गप्प बसलेल्या माणसाला सगळं कळलंय असं वाटून आम्ही पुढे जातो आणि तिसऱ्या फेरीत लक्षात येतं की त्यांना गुण कसे मिळतात हेच कळलेलं नाही. कुणी सोंगट्यांपासून सुरुवात केली तर थांबवून विचारा: "शेवटी जिंकतं कोण, आणि डाव संपतो केव्हा?" हे दोन धागे हातात आले की बाकीचे नियम त्यांच्याभोवती बसतात.

डेमोत बहुतेक वेळा पूर्ण डाव नसतोच. दोन-तीन फेऱ्या खेळवून उठवतात, कारण मागे रांग असते. त्यात हरलं-जिंकलं मोजू नका. खेळाची चाल आपल्या डोक्याला मानवते का, एवढंच त्यात बघायचं.

एक घरचा अभ्यास मात्र कराच. ज्या दोन-तीन खेळांसाठी तुम्ही खास जाताय त्यांची नियमावली बहुतेक प्रकाशक आपल्या संकेतस्थळावर मोफत ठेवतात. आदल्या रात्री एकदा चाळली तरी टेबलावर अर्धं काम झालेलं असतं. बोर्डगेमगीकवर प्रत्येक खेळाला १ ते ५ असा जडपणाचा (खेळ किती अवघड आहे त्याचा) आकडा असतो, तोही बघा. विंगस्पॅन तुम्हाला आवडतो म्हणजे अडीचच्या आसपासचे खेळ तुम्हाला सहज पेलतील. चारच्या पुढचा खेळ शिकायचा असेल तर नाव नोंदवून, शिकवणाऱ्याच्या टेबलावरच शिका.

सोनचाफी

पटवर्धिनी, फार सुंदर प्रतिसाद.

एकटीने जाण्याबद्दल. मी नेहमी एकटीच जाते आणि आता गटाने जायला नको वाटतं. साधा हिशेब आहे: चौघींना अख्खं रिकामं टेबल लागतं, एकटीला एक खुर्ची. भरलेल्या हॉलमध्ये रिकामं टेबल मिळायला तासभर जाईल, पण एक खुर्ची कुठेतरी असतेच. गटाने गेलेले लोक बरेचदा घरचाच डाव परक्या टेबलावर मांडतात आणि चार दिवसांत कुणाशीही ओळख न करता परततात.

सुरक्षिततेचं म्हणाल तर जाण्याआधी आयोजकांची आचारसंहिता वाचा. चांगल्या कन्व्हेन्शनची ती संकेतस्थळावर असते आणि तक्रार कुणाकडे करायची हेही त्यात लिहिलेलं असतं. ते लिहिलेलंच नसेल तर मी त्या ठिकाणी जात नाही. स्वयंसेवकांचे सदरे कुठल्या रंगाचे आहेत ते पहिल्या तासात लक्षात ठेवा. टेबलावर कुणाचं वागणं खटकलं तर फेरी संपल्यावर उठायला कारण द्यावं लागत नाही.

मूकनायिका

सोनचाफी, तुमचा हिशेब पटला, पण लाजाळू माणसाला ती एक खुर्ची मागणंच जड जातं. माझ्यासारख्यांनी पटवर्धिनींचा मार्ग धरावा. दोन-तीन पाळ्या स्वयंसेवक म्हणून काम करा. लायब्ररीच्या खिडकीवर बसलात की लोक तुमच्याशी बोलायला येतात, तुम्हाला कुणाकडे जावं लागत नाही. आणि पाळी संपली की बरोबरचे स्वयंसेवक खेळायला बोलावतात. बऱ्याच ठिकाणी त्या बदल्यात प्रवेशही मिळतो.

कवडीचुंबक

थोडं अवांतर. वर एसेनचा विषय निघाला म्हणून. श्पील डेस यारेस हा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा जर्मन पुरस्कार एसेनच्या जत्रेत देतात असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. तो उन्हाळ्यात, अलीकडे बर्लिनमध्ये जाहीर होतो. १९७९ मध्ये पहिला मान डेव्हिड पार्लेट यांच्या 'हेअर अँड टॉर्टॉइज'ला मिळाला. एसेनशी जोडलेला पुरस्कार म्हणजे डॉइचर श्पीलेप्राइस. तो वेगळा, आणि त्यात खेळाडूंची मतं मोजली जातात.

फासेपारध

बरोबर. आणि अवांतर असलं तरी सारीपाट यांच्या कामाचं आहे. स्टॉलच्या गर्दीत खोक्यावरची सोंगटीची खूण बघा. लाल सोंगटी म्हणजे श्पील डेस यारेस: घरच्या सगळ्यांना जमेल असा खेळ. कटानला १९९५ मध्ये आणि अझुलला २०१८ मध्ये हीच मिळाली. गडद राखाडी सोंगटी म्हणजे केनरश्पील: मुरलेल्यांसाठी. तो २०११ पासून देतात, पहिला सेव्हन वंडर्सला, आणि २०१९ मध्ये विंगस्पॅनला. निळी सोंगटी लहान मुलांच्या खेळाची. म्हणजे लाल आणि राखाडी दोन्ही तुमच्या आवाक्यातल्या आहेत. त्या खुणा शोधत गेलात तर शेकड्यांतले पंधरा-वीस खेळ आपोआप पुढे येतील.

पिशवीभर

आता खरेदी. माझा नियम पक्का आहे: न खेळलेला खेळ घ्यायचा नाही. स्टॉलवर भव्य मांडणी असते, चारही बाजूंनी लोक खोकी उचलत असतात, आणि आपण मागे राहू असं वाटायला लागतं. त्या वाटण्यावर एक रात्र जाऊ द्यावी. सकाळीही तोच खेळ डोक्यात असेल तर घ्यावा.

दोन_डाव_भुताचे

पिशवीभर, रात्र जाईपर्यंत खेळ संपलेला असतो! छोट्या प्रकाशकांनी मोजक्याच प्रती आणलेल्या असतात आणि त्यांचा खेळ पुढे दुकानात येईलच असं नाही. मोठ्या प्रकाशकाचा खेळ असेल तर तुमचा नियम योग्य, तो कधीही मिळेल. छोट्याचा डेमो आवडला तर तिथल्या तिथे घ्यावा. त्या माणसाचं पुढचं काम त्या विक्रीवर उभं असतं.

पिशवीभर

छोट्या प्रकाशकांचा मुद्दा मान्य. डेमो खेळून घेतला तर माझा नियम मोडतही नाही.

अजून दोन गोष्टी. परदेशात घेत असाल तर खोक्यातली भाषा तपासा. अझुलमध्ये फरशांवर अक्षरच नाही, कुठल्याही भाषेतली प्रत चालेल. विंगस्पॅनमध्ये पक्ष्यांचे १७० पत्ते आहेत आणि बहुतेकांवर मजकूर आहे, ती जर्मन प्रत घरी आणून काय करणार? दुसरं सामानाचं. बॅगेत वजनाआधी जागा संपते, कारण मोठ्या खोक्यांत बरीच हवा असते. पुठ्ठ्याचे तुकडे चौकटीतून सोडवून घ्या, चौकटी टाकून द्या, आणि छोट्या खेळांचे भाग मोठ्या खोक्यात भरा. जुन्या खेळांचा बाजार भरत असेल तर आधी तिथे जा.

कानोसा

अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मला एका कानाने कमी ऐकू येतं. मोठ्या हॉलमधला गोंगाट हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा प्रश्न असतो आणि ज्यांचे कान चांगले आहेत तेही तिसऱ्या दिवशी घसा बसलेले असतात. भिंतीकडेचं टेबल धरा, कोपऱ्यातलं असेल तर अजून चांगलं. शिकवणाऱ्याच्या अगदी समोर बसा, शेजारी नको, म्हणजे ओठही दिसतात. कोडनेम्ससारखा खेळ, ज्यात एक शब्द चुकीचा ऐकला की फेरी गेली, तो मी संध्याकाळी शांत खोलीत खेळतो. दुपारच्या गलक्यात 'द क्रू' काढतो. त्यात सगळे मिळून जिंकायचं असतं पण पत्त्यांबद्दल बोलायला जवळजवळ बंदीच असते, त्यामुळे मी सगळ्यांच्या बरोबरीने खेळतो. हा खेळ माझ्या फार जवळचा आहे.

बऱ्याच ठिकाणी शांत खोली ठेवलेली असते. नकाशात शोधून ठेवा. न थकताही अर्धा तास तिथे बसून या, संध्याकाळ चांगली जाते.

पटवर्धिनी

कानोसा, समोर बसण्याचं मी आता शिकवताना स्वतःहून विचारत जाईन. खूप आभार.

अनुस्वार

आजारपणाचं काय? परतल्यावर सर्दी-खोकला ठरलेला असतो असं ऐकलंय.

घड्याळजी

असतो, कारण तेच पत्ते आणि तेच फासे दिवसभरात शेकडो हातांतून जातात, आणि लोक झोपत नाहीत. हात धुवा, टेबलावर खाऊ नका (पत्त्यांसाठीही चांगलं), पाण्याची बाटली झाकणाची ठेवा आणि ती पटावर नको, पायाशी. गर्दीत मुखपट्टी लावणारे पुष्कळ असतात, कुणी वळून बघत नाही. रात्री दोनपर्यंत खेळायचं असेल तर दुसऱ्या दिवशीचा सकाळचा कार्यक्रम ठेवू नका. आणि बूट जुने, पायाला सरावलेले.

आराखडा

मी खेळ रचतो, अजून प्रकाशित काही नाही. माझी एक विनंती आहे. प्रोटोटाइपचा, म्हणजे अजून न छापलेल्या कच्च्या खेळांचा विभाग असेल तर एक तास तिथे द्या. हाताने लिहिलेले पत्ते, उसन्या सोंगट्या, समोर खुद्द रचणारा माणूस. तुम्ही नवख्या आहात म्हणून संकोचू नका, उलट नवख्या माणसाचं टेबलावर असणं आम्हाला फार मोलाचं. मुरलेला खेळाडू न कळलेला नियम अनुभवाने भरून काढतो, आणि नियमातलं भोक मला दिसतच नाही.

अभिप्राय देताना "हे असं बदला" यापेक्षा "तिसऱ्या फेरीत मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं" असं सांगा. कुठे कंटाळलात, कुठे पुढे सरसावून बसलात, कुठली चाल करताना नियम विसरलात. उपाय शोधणं माझं काम आहे, पण तो क्षण फक्त तुम्हीच दाखवू शकता. आणि आवडला नाही तर तसं सांगा. गोड बोलून पाठवलेल्या माणसाचा खेळ सुधारत नाही.

भवरा

मी वेगळं मत मांडतो. पहिलं कन्व्हेन्शन मोठं नसावंच. शे-दीडशे माणसांचं, एका दिवसाचं, एका सभागृहातलं निवडावं. तिथे संध्याकाळपर्यंत अर्ध्या लोकांचे चेहरे ओळखीचे होतात. चार दिवसांच्या महाकाय हॉलमध्ये नवा माणूस चालतच राहतो.

सोनचाफी

भवरा, छोट्यांचं प्रेम मलाही आहे. पण चालत राहणं हे आकारावर नाही, यादीवर ठरतं. 'सगळं बघून घेऊ' म्हणून गेलेला छोट्या ठिकाणीही नुसता फिरतो. मोठ्या हॉलचा एकच कोपरा आपला मानून चार दिवस तिथेच खेळणारे लोक मी पाहिले आहेत आणि ते फार सुखी असतात. सारीपाट, स्टॉलचा हॉल एकदाच, गर्दी कमी असेल तेव्हा बघा. एसेनला शनिवार सगळ्यात भरलेला असतो, तुमच्याकडेही शनिवार टाळा. बाकी वेळ लायब्ररीच्या टेबलांवर काढा.

भवरा

'एकच कोपरा' हे पटलं.

सारीपाट

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! मी तिकीट काढलं. दिवसाला एक सकाळचा कार्यक्रम, शुक्रवारी स्टॉल, प्रोटोटाइपला एक तास (आराखडा, नक्की), बाकी लायब्ररी. 'द क्रू'ची नियमावली उतरवून घेतली आहे.

एकच शंका उरली. डाव सुरू झाला आणि लक्षात आलं की हा खेळ आपल्याला अजिबात आवडत नाहीये, किंवा दोन तास उलटले तरी संपत नाहीये, तर काय करायचं? मधूनच उठणं मला फार अवघड जातं.

घड्याळजी

बसण्याआधीच सांगून ठेवा: "मला चार वाजता निघायचंय, तोवर होईल का?" लोक प्रामाणिकपणे सांगतात, आणि होणार नसेल तर दुसरा खेळ काढतात.

पटवर्धिनी

डावात असाल तर खेळ कुठल्या प्रकारचा आहे ते बघा. जिथे प्रत्येकजण आपापल्या पटावर खेळतो, जसं विंगस्पॅन किंवा अझुल, तिथे एक भिडू फेरी संपल्यावर उठला तरी बाकीच्यांचा डाव बहुतेक वेळा चालू राहतो. कटानसारख्या देवाणघेवाणीच्या खेळात किंवा जोडीने खेळायच्या खेळात तुम्ही उठलात की बाकीच्यांचा डाव मोडतो. तिथे सरळ टेबलावर विचारा: "अजून किती वेळ लागेल असं वाटतं? इथेच थांबून गुण मोजायचे का?" सांगते, निम्म्या वेळा बाकीचे दोघंही हेच कुणीतरी विचारावं म्हणून वाट बघत असतात. कुणी पूर्ण खेळायचंच म्हटलं तर जवळच्या 'भिडू हवेत' पाटीपाशी उभ्या असलेल्या कुणाला तरी तुमची जागा देता येते का ते बघा. तुमची चाल त्याला समजावून द्या आणि मग निघा.

दोन_डाव_भुताचे

आणि अशी अर्ध्यावरची खुर्ची मिळाली तर घ्याच. हरत असलेल्या डावात बसवलं तरी घ्या. तयार पट, आधीच शिकलेले तिघं, आणि तुम्हाला शिकवायला ते आनंदाने तयार असतात. शुक्रवारी स्टॉल बघून झाले की लायब्ररीत कुठे बसणार ते इथे टाका, मी चारही दिवस तिथेच आहे.